सोळा बकेटी, सोळा भाज्या

४ जून. सकाळी ७.
आमची पद्मिनी काल हिंगणघाटहून आली ती बातमी घेऊनच. वहिनीचे गुडघे पार गेले. आजवर दादाकडे बसणाऱ्या महालक्ष्म्या यंदापासून आपल्याकडे, रायपूरला. मुखवटे घेऊन दादा-वहिनी स्वतः येणार. सप्टेंबरात. पद्मिनी आल्यापासून बोटं मोजून राहिली. पुरण, आंबील, सोळा भाज्यांचा नैवेद्य. म्हणते, पहिलंच वर्ष आहे, एक भाजी जरी कमी पडली तरी वहिनी इथं काही बोलणार नाहीत, पण हिंगणघाटले पोचल्यावर सारं गाव बोलन.
मी तिथल्या तिथं जाहीर केलं. सोळाच्या सोळा भाज्या आपल्या गच्चीवरच्या. युरिया नाही, फवारणी नाही. शुद्ध माती, नैसर्गिक खाद्य. बाजारची एक काडीसुद्धा देवीच्या पानात येणार नाही.
पद्मिनी काही बोलली नाही. संमती.

त्याच दिवशी, दुपारी २.
पाट्या तयार. सोळा. पिवळ्यावर हिरवं अक्षर, काळी सावली. भेंडी, वांगं, दोडका, ढेमसं, अंबाडी, गवार, सगळ्या. एक मोठा बोर्ड रस्त्याच्या बाजूला: 'ढोबळे सेंद्रिय गच्ची, तात्यापारा'. अनुश्री म्हणाली, बाबा, अभी तो मिट्टी भी नहीं आई. कॉलेजात जाते, पण धंदा समजत नाही. नवं राज्य होऊन दीड वर्ष झालं, मी जवळून पाहिलं आहे. आधी बोर्ड लागतो. मग टेबल येतो, मग खुर्ची, मग साहेब. बोर्ड लागला की अर्धं काम झालं. सरकारी बोर्डांवरचं 'मध्यप्रदेश' खरवडून 'छत्तीसगढ़' लिहिता लिहिताच मी पेंटर शिडीवरून स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर आलो. माणूस वर येऊ शकतो तर भेंडी काहून नाही येणार.

६ जून.
कुंड्या विकत घेणार नाही. दुकानात रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बकेटी पडल्या आहेत. सोळा घासून घेतल्या. शेजारचा गौतम मेश्राम भिंतीवरून पाहत होता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहे, अंगणात तेलाच्या जुन्या पिप्यांत झाडं लावतो. म्हणाला, शालिकभाऊ, बुडाले भोकं पाडा, पाणी निथरलं पाह्यजे. मी म्हटलं, भोक पाडलं की बकेट गेली. आज माती भरली, उद्या रंग भरता आला पाहिजे. नोकरदार माणूस. वस्तू दोनदा वापरायची त्याला सवय नाही.

११ जून.
माती आली. दादानं हिंगणघाटहून सरकीच्या ढेपेच्या ट्रकात नऊ पोती टाकून पाठवली. अस्सल काळी. मुठीत घेतली तर मूठ सोडत नाही. इथली माती पिवळट, धानाची. तिच्यात आपल्या भाज्या काय येणार. ज्या मातीत आमची पिढी वाढली त्या मातीत वांगं वाढणार नाही?
गौतम म्हणतो, काळी माती शेतात चांगली, बकेटीत तिचा दगड होते. अर्धी माती, पाव भाग वाळू, पाव भाग कुजलेलं शेणखत, वरून धानाचा कोंडा, मंग मुळाले हवा लागते. त्याचं गाव भंडाऱ्याकडचं. तिकडं धानच. काळ्या मातीची माया त्याला कशी कळावी.
नऊ पोती दोन जिने चढवली. कंबर धरली आहे. तरी मन प्रसन्न.

१५ जून.
पेरणी झाली. पाट्या रोवल्या. उठून दिसतात.

१९ जून.
आजपासून खाद्य. जीवामृताचं सामान: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती. शेण-गोमूत्र सत्यभामा देते. ती आमच्याकडे दूध घालते, घरी चार गाई. पिंपात ढवळलं, चार दिवस झाकून ठेवायचं.

२३ जून.
पिंप उघडलं. वास जोरदार. म्हणजे ताकद आहे. बकेटीत ओतायला लागलो तर सत्यभामा म्हणाली, ए भैया, एमा दस गुना पानी मिला, अइसने झन डार. म्हणजे निखळ ओतायचं नाही. मी तिला समजावलं. पाणी घालून पाहुणचार करायची आमच्यात रीत नाही. लग्नात वरणात पाणी घातलेलं घर वीस वर्षं लोकांच्या तोंडी असतं. ती हसत गेली. समजलं असावं.
प्रत्येकी दोन तांबे, निखळ.

२८ जून.
कोंब. चौदा बकेटींत. चौदा. पद्मिनीला हात धरून वर आणलं. तिनं वाकून पाहिलं, हात जोडले. म्हणाली, चांगलं हाय, पण जीव टांगून ठेवू नका महा. मी म्हटलं, तू फक्त फोडणीची तयारी ठेव.

४ जुलै.
शंकर नगरात एका नव्या बंगल्याच्या फाटकावर नावाची पाटी लावायला स्वतः गेलो. कारीगराला पाठवता आलं असतं, पण माझे कान तिखट आहेत नि बंगल्याबाहेर माळी जमतात. शिडीवर चढलं की खालच्याला वाटतं वर कोणी नाही. ऐकलेलं: गुलाबाला ताक. मिरचीला केळ्याची सालं. चहाचा चोथा. मोहरीची खली, म्हणजे पेंड, भिजवून तिचं पाणी. चुलीची राख. पुढं ते किती नि कधी यावर घासाघीस करायला लागले. तेवढ्यात मी उतरलो. मुद्दा हाती आला होता.

५ जुलै.
ताक, खली, चोथा, राख. सगळ्यांना सगळं. पंगतीत भेद करायचा नसतो.

९ जुलै.
मुंग्या. टपरीवरच्या चहाच्या चोथ्यात साखर असते, हे त्या माळ्यांनी सांगायला पाहिजे होतं. मुंग्या गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून पद्मिनीच्या गुळाच्या डब्यात. ती म्हणाली, तुमची भाजी यायच्या आधी तुमचे पाहुणे आले. जीवसृष्टी वाढते आहे, हे मातीच्या आरोग्याचं लक्षण आहे, असं मी सांगितलं. डबा मलाच निवडावा लागला.

१४ जुलै.
पाऊस रुसला आहे. माती तडकली. भेगेत माझं बोट जातं. पाणी सकाळ-संध्याकाळ दुप्पट केलं. वर भेगा, खाली चिखल, अशी तऱ्हा. गवार पिवळी पडली. अशक्तपणा. तिचा खुराक वाढवला.

१७ जुलै.
गवार गेली. मेथीसुद्धा. पालक निघालाच नव्हता. तेरा. नाही, बारा. पाट्या मात्र टवटवीत.

२० जुलै.
समोरच्या घरातल्या दोघी बोलताना ऐकलं. एक म्हणाली, ढोबळेजी के छत पे कुछ मर गया है क्या. दुसरी म्हणाली, नहीं, बो रहे हैं. वास वाऱ्यानं सगळा तात्यापारा ओलांडून गेला तर. चर्चा सुरू झाली की समजावं, माल बाजारात पोचला. खलीच्या पाण्याला आज आठवा दिवस.

२२ जुलै.
गौतम वर आला. विचारल्याशिवाय आला, पण शेजारी आहे. ढेमशाच्या बकेटीत काडी खुपसली, बाहेर काढली, हुंगली, माझ्या नाकाशी धरली. सडलेल्या अंड्यासारखं. म्हणाला, शालिकभाऊ, मुळ्या बुडून राहिल्या. तुम्ही यायले मारून राहिले खाऊ घालून घालून. मी म्हटलं, आमच्याकडे आजवर पानावरून कोणी उपाशी उठलं नाही. तो म्हणाला, तेच तर.
शेवटी मैत्रीखातर एक बकेट त्याला प्रयोगाला दिली. अंबाडीची. त्यानं बुडाला खिळा तापवून सहा भोकं पाडली. माती काढली, वाळू, कोंडा नि त्याच्या अंगणातलं भुसभुशीत खत मिसळलं, अंबाडी पुन्हा लावली. बजावून गेला की इले महिनाभर काहीच देऊ नका. पाणी बी बोट घालून पाहा, मंगच. बकेट कायमची गेली. असो.

३० जुलै.
पाऊस झाला. धो धो. सगळ्या बकेटी काठोकाठ. एकीत बेडूक. सकाळी तांब्यानं पाणी उपसलं. अनुश्री म्हणाली, बाबा, छेद कर दो ना. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

३ ऑगस्ट.
शिल्लक: भेंडी, वांगं, दोडका, चवळी, मिरची, कारलं, अंबाडी. सात. विचार केला तर सोळा हा आकडा जातींचा की नगांचा, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. दोन भेंड्या, तीन मिरच्या, पाच चवळ्या असं धरलं तर सोळा अवघड नाही. पद्मिनीजवळ हा विषय काढला. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. विषय पुढं नेला नाही.

१० ऑगस्ट.
श्रावण लागला. अंड्याच्या टरफलांत चुना असतो, फुलं गळत नाहीत, असं कानावर आलं. घरात अंडं चालत नाही. बसस्टँडच्या ऑम्लेटच्या गाड्यावरून पिशवीभर टरफलं घेतली. गाडीवाल्यानं विचारलं, खाली छिलका क्या करोगे. सांगितलं, देवीचं काम आहे. परतताना महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी बंडू खोडे भेटले. पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नमस्कार करून निघून गेले. संध्याकाळी पद्मिनीला मंडळाच्या दोन बायकांनी सहज विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना, श्रावण पाळता ना. पद्मिनीनं मला अंगणात उभं करून विचारलं. मी खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, तिला ते जास्त पटलं असतं.

१८ ऑगस्ट.
अंबाडी जोरात. हातभर उंच, देठ लाल. माझ्या गच्चीची शान. वाऱ्यानं शेजारच्या बकेटींतल्या जीवामृताचा गंध तिला लागतो, त्याचा परिणाम असणार. गौतमला तसं म्हटलं. तो म्हणाला, असन, नि आपल्या पिप्यांकडे गेला.

२१ ऑगस्ट.
दादाचा फोन. म्हणाला, गावात सांगून ठेवलं, शालिकच्या घरी सोळा भाज्या घरच्या, आपल्या काळ्या मातीतल्या. वहिनी लोकांले सांगून राहिली. मी म्हटलं, दादा, तुम्ही फक्त या.
फोन ठेवल्यावर थोडं पाणी प्यायलो.

२२ ऑगस्ट.
कामाला लागलो. वेळ कमी, म्हणून खुराक दुप्पट. खली, ताक, जीवामृत, राख. सगळ्यांना देऊन झालं तर अंबाडीकडे नजर गेली. महिना झाला, पोर उपाशी. बाकीचे जेवून राहिले नि ही एकटी रिकाम्या पानाशी बसली आहे, असं दिसलं. मला पाहवलं नाही. गौतमचा महिना कालच संपला. तिला दोन तांबे दिले. मग आग्रहाचा एक.

२५ ऑगस्ट.
अंबाडीची पानं कडेनं करपली. ऊन फार आहे.

२६ ऑगस्ट.
ऊन नाही. ढग आहेत. तरी करपली.

२७ ऑगस्ट.
सत्यभामा दूध द्यायला आली ती वर येऊन पाहून गेली. म्हणाली, पौधा के घलो पेट होथे भैया, तैं ठूँस-ठूँस के खवाए हस. रोपालाही पोट असतं, हे मला दूधवाली सांगते. मी म्हटलं, आता काय करू. म्हणाली, अब सादा पानी, अउ भगवान. मनाला लागलं. पिंपाकडे गेलो. झाकण लावलं.

२ सप्टेंबर.
मध्ये नोंदी नाहीत. काम होतं. एक ऑफिस तिसऱ्यांदा दुसरीकडे हललं, बोर्ड पुन्हा.
शिल्लक मोजली नाही.

५ सप्टेंबर.
मोजली. दोन भेंड्या, एक दोडका (अंगठ्याएवढा, पण आकार बरोबर), अंबाडीची सात पानं. वांग्याला एक फूल होतं, आज गळलं.
गच्चीच्या दाराला पाटी लावली: 'आत प्रयोग चालू आहे. प्रवेश बंद.' लाल अक्षर. अक्षर चांगलं आलं.

९ सप्टेंबर.
उद्या गणपती. परवा दादा-वहिनी. पद्मिनी शांत आहे. भांडी घासून झाली, मुखवटे बसवायच्या कोथळ्या धुऊन झाल्या, पुरणाचं यंत्र काढलं. भाजीबद्दल एक अक्षर नाही. तिचा माझ्यावर एवढा भरवसा. मी या बाईचं पहिलं वर्ष नासवणार. वहिनीसमोर ती मान खाली घालून उभी राहील नि वहिनी म्हणेल, राहू दे ग. हे 'राहू दे ग' मी तीस वर्षं दुसऱ्या बायकांच्या वाट्याला येताना ऐकतो आहे. पद्मिनीनं ऐकू नये.

११ सप्टेंबर. संध्याकाळ.
दादा-वहिनी आले. मुखवटे पाटावर ठेवले. दादा म्हणाला, चाल, दाखव गच्ची. मी म्हटलं, नैवेद्याआधी दृष्ट लागते. लगेच मानलं. वहिनीनं तर कौतुक केलं, शालिक भाऊजीले रीत समजते.
निर्णय घेतला. उद्या पहाटे बाजारात जायचं. सोळा भाज्या घ्यायच्या. घर उठायच्या आत बकेटीबकेटीत, ज्या पाटीखाली जी, तशा रचून ठेवायच्या. पद्मिनी वर येईल, परडीत खुडून घेईल. हे खोटं नाही. हे नियोजन आहे.

१२ सप्टेंबर. सकाळी ८.
पाचला निघालो. डोक्याला मफलर, दोन पिशव्या. शास्त्री बाजारात कोपऱ्यावर नत्थूचं दुकान, भाजी ताजी असते. त्याच्या डोक्यावरचा 'नत्थू सब्जी भंडार' मीच लिहिलेला, म्हणून मफलर जरा वर ओढला. आवाज बदलून विचारलं, ढेमसा है क्या.
नत्थू म्हणाला, बैठो ढोबळे भैया, आपका सामान बँधा रखा है.
मी म्हटलं, कौन सा सामान.
म्हणाला, सोला भाजी. दीदी बोल के गई थीं, बारा तारीख को सबेरे, सब ताजा, ढेमसा और अमारी (म्हणजे अंबाडी) जरूर. आजकल ढेमसा मिलता कहाँ है, भाटापारा से मँगवाया.
मी विचारलं, दीदी कब बोलीं.
नत्थूनं आठवलं. म्हणाला, जून में. आपका बोर्ड लगा, उसके दूसरे दिन.
मी गोणपाटावर बसलो.
थोड्या वेळानं पद्मिनी आली, बरोबर सत्यभामा. मला पाहून थबकली. मफलर पाहिला, दोन रिकाम्या पिशव्या पाहिल्या. सत्यभामानं पदर तोंडाला लावला. पद्मिनी हसली नाही. म्हणाली, आलेच हाय तर ओझं घ्या.
वाटेत मी विचारलं, तुझा माझ्यावर भरवसा नव्हता का. ती म्हणाली, तुमच्यावर होता. तुम्ही लग्नात मह्या मामाले अकरा जिलब्या खाऊ घातल्या, तो तीन दिवस दवाखान्यात होता. तवापासून मी तुमचा हात पाहून हाय. मी म्हटलं, पण मी देवीच्या नावानं बोललो होतो. ती म्हणाली, महालक्ष्मीनं भाजी मांगली. गच्ची नाई मांगली.
घराच्या कोपऱ्यावर थांबली. म्हणाली, वहिनीले मी काही सांगणार नाही. तुम्हीबी सांगू नका. तुमच्या इज्जतीसाठी नाई, मह्यावाल्या पहिल्या वर्षासाठी.
अंबाडीची सात पानं तिनं स्वतः वर जाऊन खुडली. बाजारच्या जुडीत मिसळली. भेंड्या नि दोडका राहू द्या म्हणाली, लहान आहेत.

१३ सप्टेंबर. दुपारी ४.
पूजा उत्तम. मुखवट्यांवर तेज होतं. सोळा भाज्या, सोळा वाट्या. वहिनीनं बोट लावून एकेक मोजली, सोळाला थांबली, पद्मिनीला जवळ घेतलं. दोघी रडल्या. मी खांबाशी उभा होतो.
मग पंगत. मंडळाचे सगळे आले. गौतम आला, त्याची बायको माया आली. बंडू खोडेही आले, माझ्या पानाकडे जरा निरखून पाहत होते. दादानं वांग्याची भाजी तोंडात टाकली, डोळे मिटले. म्हणाला, ऐका, मी सांगतो, ही चव बाजारात नाही मिळत. ही आपल्या काळ्या मातीची चव हाय. माणूस कुठंबी जावो, माती सांगते. सगळ्या पंगतीनं माना हलवल्या. गौतमनंही हलवली. भला माणूस. खोडेंनी विचारलं, खाद्य काय घालता. मी म्हटलं, विशेष काही नाही. हे पहिलं खरं वाक्य.
तेवढ्यात पद्मिनी वांग्याचं पातेलं घेऊन माझ्या पानाशी आली. मी पानावर हात आडवा धरला. पोट गच्च भरलं होतं. ती वाकली, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाली, घ्या ना, घरचीच हाय, आपल्या गच्चीवरची. हात बाजूला केला नि मोठा डाव वाढला.
दादा म्हणाला, घे शालिक, नाही म्हणू नको, तुझी मेहनत हाय.
खाल्ली.
ती पुन्हा आली. आग्रहाचा म्हणून आणखी एक.
तोही खाल्ला.